तांबडीच्या तिसऱ्या गियरचं आख्यान

हं, बसा, बसा! मागच्यांनी पुढं सरका. घाटजाईदेवीसमोर एवढी जागा आहे, चपलांपाशी कशाला गर्दी? अण्णा, पेटी जरा हळू. आज मंडळींना एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो पेटीच्या सुरात बुडाला तर मंडळींना आनंदच होईल!

प्रश्न असा. एका माणसानं काहीच केलं नाही. कुणाला मारलं नाही, लुबाडलं नाही, शिवी दिली नाही. हात उचलला नाही – जीभसुद्धा उचलली नाही! अशा माणसाच्या हातून पाप घडू शकतं का?

बोला की! पुढच्या रांगेतले काका मान हलवतायत. नाही म्हणतायत. काही केलंच नाही तर पाप कसलं? काका, तुमच्यासारखी मान हलवणारी माणसं आहेत म्हणून तर आमची कीर्तनं चालतात!

एक ओवी ऐका. माझीच आहे, अक्षर कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या –

*बोलिलें तें जगें ऐकिलें । न बोलिलें तें कोणीं मोजिलें ।*
*मौन जें स्वार्थें राखिलें । ती चोरी जाण ॥*

आता आख्यान. यात राजा नाही, राक्षस नाही, सोन्याचं हरीण नाही. यात आहे मोटार!

हसू नका. कोल्हापूरकडच्या माणसाला मोटारीचं वेड किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. असेच दोन मित्र होते. एक श्रीपाद भोगावकर, चष्म्याचं दुकान. दुसरा यशवंत बोंद्रे, हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. शाळेत एका बाकावर, तालमीत एका मातीत. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर दोघांना मिळून एक खूळ लागलं. एका गुऱ्हाळाच्या शेडमध्ये जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी पडलेली सापडली. दोन सीटची, उघड्या टपाची, वय यांच्याएवढंच. स्टिअरिंगखाली कोंबडी अंडी उबवत बसलेली! दोघांनी निम्मी-निम्मी भागीदारी केली, कोंबडीला उठवलं आणि गाडी घरी आणली.

घरी म्हणजे कुणाच्या? यशवंतच्या. श्रीपादच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "ती आत आली तर मी बाहेर." विषय संपला!

सहा वर्षं, मंडळी. दर रविवारी. पत्रा ठोकला, गंज खरवडला, इंजिन खोललं, भरलं, पुन्हा खोललं. रंग यशवंतनं स्वतः घोटून लावला – लालभडक. गल्लीनं नाव ठेवलं, 'तांबडी'. तांबड्या रश्श्यावरून! आणि एका फाल्गुनात बातमी आली. कुंभाळ घाटात मोटार क्लबची चढणीची शर्यत आहे, आणि जुन्या गाड्यांचा वेगळा गट आहे.

ही शर्यत कशी असते? गाड्या एकमेकींच्या मागं धावत नाहीत. घाट बंद करतात. पायथ्याला एक घड्याळ, माथ्यावर एक घड्याळ. एक गाडी सोडायची, ती वर गेली की दुसरी. रस्त्यावर तुम्ही एकटे! म्हणजे शर्यत कुणाशी? ज्याचा वेळ तुमच्याहून कमी, त्याच्याशी. आणि नियमात एक सोय आहे. एक गाडी दोघांनी चालवली तरी चालते. आधी एकानं पळवायची, खाली आणायची, मग दुसऱ्यानं. वेळ ज्याचा त्याचा, नंबर ज्याचा त्याचा.

एक गाडी, दोन मित्र, एक हेल्मेट. किती गोड! आणि कडूपणा कुठं शिरतो सांगू? जिथं गोड असतं तिथंच मुंगी येते.

शनिवारी सराव झाला. यशवंतचा वेळ श्रीपादपेक्षा चार सेकंदांनी कमी आला. श्रीपाद हसला. "लेका, तू माझ्याहून हलका आहेस, म्हणून!" यशवंत म्हणाला, "तुझी ढेरी वेगळी पळव की मग!" सगळे हसले. श्रीपादही हसला. पण आत काय झालं?

तुम्ही विचाराल, बुवा, त्याच्या आतलं तुम्हाला कसं कळलं? अहो, तुमच्या-माझ्या आत वेगळं काय चालतं!

तालमीत यशवंत वरचढ. चित्र काढायचं तर यशवंतनं. फळ्यावर हातानं वर्तुळ काढायचा, कंपास लावून बघा, केसाचा फरक नाही. भजनात यशवंतचा आवाज. आणि श्रीपाद? श्रीपाद बरोबर असायचा. आयुष्यभर 'बरोबर' होता. 'यशवंत आणि तो त्याचा मित्र' – त्यातला तो! वैर नव्हतं, मंडळी. प्रेमच होतं. पण पंचावन्नाव्या वर्षी त्याला एकदा, एकदाच, यशवंतच्या पुढं नाव लागलेलं बघायचं होतं.

रविवार उजाडला. यशवंत म्हणाला, "तू आधी जा. गाडी ताजी आहे." बघा! ताजी गाडी मित्राला दिली!

झेंडा पडला. तांबडी सुटली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं – श्रीपादनं गाडी अशी कधीच चालवली नव्हती! कानात वारा, टायरचा वास, कठड्यावर बसलेली पोरं ओरडतायत. सहावं वळण आलं. डावीकडं वळणारं, अंगावर येणारं, बाहेरच्या बाजूला दगडी कठडा. त्यानं तिसरा गियर टाकला, पाय दाबला – आणि खाडकन्! गियर निसटला! दांडा आपला आपण मधे आला. इंजिन किंचाळतंय, चाकांना जोर नाही, गाडी कठड्याकडं सरकतेय!

श्रीपादनं दांडा परत ढकलला, डाव्या हातानं घट्ट दाबून धरला आणि उजव्या हातानं स्टिअरिंग ओढलं. कठडा वीतभर लांबून गेला. तिथून माथ्यापर्यंत त्यानं तिसऱ्या गियरवरचा हात काढला नाही.

वर वेळ सांगितला. गटात पहिला! तोवर धावलेल्या सगळ्यांत पहिला. आता एकच गाडी उरली होती. कुठली?

तीच!

गाडी खाली आणताना श्रीपादच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'यशा, तिसरा निसटतोय. दाबून धर.' साधं वाक्य. पहिल्या वळणाला ते ओठांवर होतं. अर्ध्या घाटात घशात होतं. पायथा आला तेव्हा पोटात गेलं होतं. आणि पोटातून एक दुसरं वाक्य वर आलं. 'निसटला तर निसटला. दोनचार सेकंद जातील. जीव थोडाच जातोय?'

पाप कधीही पूर्ण वेषात येत नाही हो. ते म्हणतं, दोनचार सेकंद!

यशवंत धावत आला. "पहिला आलास लेका! ऐकलं मी!" मिठी मारली. ती खरी मिठी होती. श्रीपादनं घामानं ओलं हेल्मेट काढलं, यशवंतच्या डोक्यावर ठेवलं. यशवंत गाडीत बसला आणि मान वर करून म्हणाला, "काय सांगायचंय?"

विचारलं, मंडळी! त्यानं विचारलं!

श्रीपाद त्याच्या हनुवटीखाली पट्टा बांधत होता. बांधून झाला. त्यानं हेल्मेटवर प्रेमानं एक टप्पल मारली, आणि बाजूला झाला.

काय केलं त्यानं? काही केलं का? पट्टा तर नीट बांधला!

तांबडी गेली. खाली सगळे वायरलेसपाशी कान देऊन उभे. दुसरं वळण, ठीक. चौथं, ठीक. "भारी चाललाय मास्तर!" कुणीतरी म्हणालं. मग वायरलेस खरखरला. "सहा नंबर. गाडी कठड्याला. गाडी कठड्याला. ॲम्ब्युलन्स पाठवा."

जीव गेला नाही. उगाच डोळे पुसू नका, अजून वेळ आहे. गाडीचं तोंड चेपलं आणि यशवंतचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात श्रीपाद धावत गेला. यशवंत खाटेवर, हात लाकडी पट्टीला बांधलेला. श्रीपादला बघितलं आणि मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं? दुखण्याचं? ऐका.

"श्रीपा, माझ्या हातनं गाडी गेली रे. तिसरा नीट घातलाच नाही मी. घाई केली. तुझी सहा वर्षं मी कठड्याला घासली. माफ कर बाबा मला."

आणि श्रीपाद भोगावकर काय म्हणाला?

"असू दे रे. होतं असं."

माफ केलं! ज्यानं माफी मागायची त्यानं माफी दिली! आणि घेणाऱ्यानं हात जोडायचा प्रयत्न केला – एकच हात होता बिचाऱ्याचा जोडायला. यशवंतची बायको सुमित्रा शेजारी उभी होती. ती म्हणाली, "भावजी, दुसरा कुणी असता तर तोंड बघितलं नसतं. फार मोठं मन तुमचं."

संध्याकाळी बक्षीस समारंभ. पहिला नंबर, श्रीपाद भोगावकर. हातात कप घेऊन तो माईकवर म्हणाला, "हा कप माझा नाही, दवाखान्यात असलेल्या माझ्या मित्राचा आहे." मांडव टाळ्यांनी हलला! खोटं बोलला का? शब्दन् शब्द खरा! फक्त कुणाला माहीत नव्हतं, किती खरा.

इथं एक दार उघडं होतं बघा. देव दार एकदम लावत नाही. महिन्याभरानं गाडी नबीलाल मिस्त्रीकडं उघडली. दोघं मित्र समोर उभे. नबीलालनं तिसऱ्या गियरचं चाक तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमी उगंच जीव जाळताय. हे दात लई दिवसाचं झिजल्यात. पयल्या फेरीलाबी निसटला असंल की."

यशवंत वळला. त्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा उजेड आला. "श्रीपा, तुझ्या वेळेला निसटला होता का रे?"

त्याला दोष द्यायचा नव्हता, मंडळी! त्याला फक्त सुटायचं होतं. एका 'हो'मध्ये माणूस सुटत होता. गाडीचा दोष, आपला नाही – एवढ्यावर तो रात्री झोपला असता.

श्रीपाद म्हणाला, "नाही बा. मला नाही जाणवलं."

आता हे मौन नव्हे. आता हे धडधडीत खोटं! पण बघा, पहिल्या दिवशी खोटं बोल म्हटलं असतं तर तो बोलला असता का? कधीच नाही. आधी गप्प बसला, मग माफी दिली, मग टाळ्या घेतल्या. तीन पायऱ्या चढल्यावर चौथी चढायला कष्ट पडत नाहीत.

यशवंतनं मान डोलावली. "मग माझंच चुकलं."

विश्वास ठेवला! वाद घातला असता, संशय घेतला असता, तर श्रीपादला बरं वाटलं असतं. संशयाशी भांडता येतं. विश्वासाशी काय भांडणार?

मनगट जुळलं, पण वाकडं. आता मास्तर फळ्यावर वर्तुळ काढतो, ते अंड्यासारखं होतं. पोरं खिदळतात. आणि मास्तर गाडी चालवत नाही. स्कूटरसुद्धा नाही, शाळेत चालत जातो. तांबडीतली आपली निम्मी भागीदारी त्यानं सोडली. "तुझी तुला. माझ्या हाताला गाडी शोभत नाही." श्रीपाद म्हणाला, "असं काय बोलतोस?" एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

वर्ष गेलं. पुन्हा शर्यत. तांबडी दुरुस्त, चकचकीत, गियर नवा. श्रीपाद सुरुवातीच्या रेषेपाशी रांगेत तिसरा. आणि बघतो तर घाटाच्या वाटेनं कुणी चालत उतरतंय. दम लागलेला, पायजमा धुळीनं भरलेला. यशवंत! पहाटे उठून अख्खा घाट पायी बघून आला होता.

तो तांबडीशी वाकला. "नवव्या वळणावर आतल्या अंगाला खडी सांडलीय. डंपरची असणार. दिसत नाही, सावलीत आहे. बाहेरनं घे. ऐकलंस न्हवं?"

श्रीपादनं मान वर केली. म्हणाला, "यशा..."

"नंतर बोल. ध्यान रस्त्यावर ठेव." आणि यशवंत पुढं गेला. कुठं? पुढच्या गाडीकडं! तिच्या खिडकीत वाकला. मग त्याच्या पुढच्या. मग मागं आला, मागच्या गाडीकडं गेला. ओळख ना पाळख! ज्यांनी श्रीपादला हरवलं असतं त्यांनाही सांगत होता – नवव्या वळणावर खडी आहे, बाहेरनं घ्या. श्रीपाद आरशात बघत होता. एकेक खिडकी, एकेक वाकणं.

मित्र म्हणून सांगत असता तर श्रीपादनं ते सोसलं असतं. तो माणूस म्हणून सांगत होता!

आता तुम्हाला वाटतंय, देवीनं शिक्षा केली असेल. इंजिन बंद पडलं असेल, टायर फुटला असेल. तुम्हाला कीर्तनात तीच सवय! नाही हो. तांबडी सुसाट गेली. नवव्या वळणाला श्रीपादनं गाडी बाहेरून घेतली. पहिला नंबर! पुन्हा कप! पायथ्याला सगळ्यांत आधी टाळी कुणी वाजवली, ते मी सांगत नाही.

'नंतर बोल' म्हणाला होता यशवंत. श्रीपाद नंतर बोलला का? अजून नाही. दर रविवारी भेटतात. चहा होतो. श्रीपाद तोंड उघडतो, आणि साखर मागतो.

आता तुमच्याकडं येतो. मुलाकडचे पितात हे तुम्हाला माहीत होतं, आणि शेजारच्या मुलीचं जमताना तुम्ही म्हणालात, आपण कशाला मधे पडा? बरोबरच्याच्या अर्जात चूक दिसली, आणि जागा एकच होती, म्हणून तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत? पुढं तोच माणूस तुमच्याकडं येऊन रडला, 'माझंच नशीब' म्हणाला, आणि तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवलात?

काका, मान का खाली?

आज आरती थांबवतो. कापूर तयार आहे, तबक तयार आहे. ज्याला कुणाला काही सांगायचं राहिलंय, त्यानं उठावं, जावं, सांगून यावं. गाव एवढंसं आहे. देवी थांबेल, मी थांबतो.

...

कुणीच नाही?

बरं. अण्णा, घ्या सूर. लावा कापूर.