कुप्याच्या डब्याची पारख

मासळी अंगाला चांगली का वाईट, हे मला कुणी शिकवू नये. लढाईवरून परतलेल्या माझ्या दिरानं येलदरीच्या घरी समुद्रातल्या कुपा माशाचा पत्र्याचा बंद डबा आणला. मी तेव्हा लेकराला पाजत होते, सारखी भूक लागायची.

"वहिनी, यानं लय ताकद येती. पण फोडला की लगेच खावा, न्हाईतर इख," म्हणत त्यानं डबा फोडलाच.

सासूबाई आडव्या आल्या. "पाजणारीनं मासळी खायची न्हाई. दुधाशी मिळाली की लेकराला पांढरे डाग उठतात."

मी काय गप्प बसते? "आत्याबाई, आपली म्हैस दिसभर पूर्णेत माशांसंगं डुंबती. तिचं दूध तुमी रोज पिता. दाखवा, कुठाय डाग?"

सासूबाईंनी खरंच दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग डबा ओढला. "थांब, आधी मी चाखते. बाधली तर मला बाधू दे."

एक तुकडा खाल्ला. "अजून कळंना." दुसरा खाल्ला. दीर हसून हसून लोळायला लागला. शेवटी सासूबाईंनी भाकरीनं डब्यातलं तेलसुद्धा पुसून घेतलं, ढेकर दिला आन् मला म्हणाल्या,

"लय जालीम चीज हाय बाई. बरं झालं, तुला दिली न्हाई!"