गिरणीत जास्तीचा निघालेला माग

वस्तू हरवलेली सगळ्यांनीच पाहिली असेल, पण जास्त निघालेली पाहिलीय कधी? आमच्या सोलापूरच्या गिरणीत निघाली. नव्या मॅनेजरांचा हुकूम होता, गिरणीच्या प्रत्येक वस्तूवर नंबर घाला. मी कारकून, रंगाचा डबा घेऊन गोदामात शिरलो, तर समोर हातमाग! यंत्रांच्या गिरणीत हा कशाला, कळेना. तरी नंबर घातला.

तेवढ्यात आमचा विणकर नरसय्या धावत आला. "अवो, त्यो माजा माग हाय! घराचं छप्पर पडलं तवा जुन्या सायबांनी हितं ठेवू दिला."

माझ्या मागे उभे असलेले मॅनेजर म्हणाले, "फाटकाच्या आत आहे ते सगळं गिरणीचं."

नरसय्यानं बाही वर सारून दंड माझ्यापुढं धरला. "मग माज्यावरबी नंबर घाला की. सकाळपासनं मीबी आतच हाय."

मॅनेजर हसले नाहीत, पण माग घरी न्यायला बैलगाडी त्यांनीच मागवली. मला राहवेना, म्हणून मीही गाडीमागनं त्याच्या घरी गेलो. दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं मागावरचा पांढरा आकडा निरखून पाहिला आणि माझ्या रंगानं माखलेल्या बोटांकडं बघत ती मला म्हणाली, "घातला त्यो घातला, सरळ तरी घालायचा की वो!"