पंधरा किलो

(औरंगाबाद, १९८३. दवाखान्यातली व्यायामाची खोली. आशा दोन लोखंडी दांड्यांना धरून उभी, डावा पाय वजनकाट्यावर. बाकावर तिचे वडील, कडूबा. व्यायाम शिकवणाऱ्या राहतबाई काट्याशी वाकलेल्या.)

राहत : डोळे मिटलेलेच ठेव. आता सांग, पायाखाली किती किलो?

आशा : पंधरा, म्याडम.

राहत : उघड डोळे. सुई बघ.

आशा : पंचवीस? असं कसं?

राहत : तेच मी विचारते. पंधराच्या वर जोर नको म्हटलं होतं, तीन हफ्ते घरी असंच दाबत होतीस ना? हा फोटो बघ. गुडघ्याखालचं हाड जुळत आलं होतं, ते पुन्हा खचलंय. मैदानावर जायची घाई झाली होती तुला.

आशा : नाय म्याडम. पंधराच दाबले. सकाळी पन्नास येळा, संध्याकाळी पन्नास येळा. आबा मोजत बसायचे. इचारा त्यान्ला.

राहत : काय कडूबाभाऊ?

कडूबा : पंधराच, बाई. सुईवर माझीच नजर व्हती. मापाडी हाय मी, बिडकीनच्या अडतीवर. बावीस वर्सं पोतीच तोलली.

राहत : मग हा पाय कुठल्या काट्यावर शिकला?

आशा : अडतीवरच्याच. आबांनी बैलगाडीत घालून आणला. हंगाम नव्हता म्हणून शेठनं दिला. सारजाकाकू म्हणली, पोरगी इकायला काढली का काय, कडूबा?

राहत : मीच म्हटलं होतं, घरी काटा लागेल.

आशा : फकस्त जुना हाय. आधी लई दाबावं लागतं, मग सुई हालती.

राहत : म्हणजे?

आशा : पाय ठिवला तरी सुई जागची हालत नाय. चांगला जोर दिला की मग एक, दोन, तीन.

राहत : कडूबाभाऊ, इधर देखो. खाली काय बघता?

कडूबा : काय नाय, बाई.

राहत : आशा बेटा, जरा बाहेर बस.

आशा : का? माझा पाय हाय, मला सांगा. राज्याच्या खो-खो संघात नाव हाय माझं. दिवाळीनंतर सामने हायत.

राहत : सामने सोड. आधी परत ऑपरेशन. मग पाय सरळ पडतो का ते बघू.

आशा : खांबापाशी पडले तव्हा तुमीच म्हणला, सहा महिन्यांत पळशील.

राहत : तेव्हा हाड जुळेल असं वाटत होतं, बेटा.

आशा : आबा, एक सांगू? तुमी पाणी प्यायला उठायचे ना, तव्हा मी कधी कधी सोळा करायची. त्यानंच झालं असंल.

कडूबा : नाय त्यानं.

आशा : मग कशानं?

राहत : तुम्ही सांगता, का मी सांगू?

कडूबा : ती सुई दहा किलो खाऊनच हालती, आशे. पोत्यामागं दहा.

आशा : कुणी केलं तसं?

कडूबा : शेठनं सांगितलं. पाना मी फिरवला.

आशा : आन् माझ्यासाठी घरी आणला तव्हा?

कडूबा : ध्यानातच आलं नाय. रोज त्याच्यावरच तोलतो. मला तोच खरा वाटाया लागला व्हता.

आशा : सरूमावशी बाजरीचं पोतं कमी भरलं म्हणून भांडत आली, तव्हा तुमी म्हणला, बाईला आकडे कळत नाईत.

कडूबा : व्हय. म्हणलो.

आशा : कधी फिरवला पाना?

कडूबा : तू जल्मायच्या आधी.

राहत : बस आता, बेटा. पाय खाली नको टेकवू.

कडूबा : थांब, मी धरतो तुला.

आशा : नको, आबा. म्याडम धरतील.