घाटातलं अ‍ॅव्हरेज

नेहरू नगरच्या गॅरेजात वसुंधराबाईंनी तोंडापुढे मासिक धरलं होतं, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथं स्टील प्लांटातून रिटायर झालेले केवलराम बसले होते, सोबत त्यांची बायको मथुरा.

"मेकॅनिक म्हणते, गाडीत काहीच फॉल्ट नाही," केवलराम म्हणाले.

"मंग जगदलपूरले पोरीकडे जातानी अ‍ॅव्हरेज अठराचं बारा कसं झालं?"

"केशकालचा घाट आहे. गाडी पेट्रोल पिणारच."

"पयले बी घाट होताच. मेकॅनिक मले म्हणे, काकी, चढावर क्रूझ कंट्रोल लावलं का गाडी स्पीड धराले जोर मारते, घडीघडी गिअर खाली पाडते. पायानं चालवली तं तेवढी पीत नाही."

"त्याले काय समजते!"

"तुमाले तं समजते नं? पस्तीस साल प्लांटात इंजिन चालवलं. मंग क्रूझ कावून लावलं?"

वसुंधराबाईंना त्यांची गाडी तयार असल्याची हाक आली. त्या उठल्या नाहीत.

"उजवा पाय सुन्न पडते वो. घंटाभरानं पेडल समजतच नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुले सांगतलं असतं तं पोरीकडे जाणंच बंद केलं असतं तू."

"अन् ब्रेक कशानं मारत होते?"

केवलराम उजवी पोटरी चोळू लागले.

"या गाडीत क्लच नाही नं?" मथुरानं विचारलं.

"नाही. गिअर बी आपोआप पडते. कावून?"

"उद्या पयले डॉक्टर. मंग सेक्टर दोनच्या मैदानात मले गाडी शिकवा."

"साठ वर्साची झाली तू, मथुरा!"

"म्हणून तं इचारलं, क्लच नाही नं."

"अन् घाटात मी काय करू?"

"बाजूले बसा. पाय लांब करा."