उरलेल्या सहा गोळ्या

मंडळी, मला बसूनच बोलू द्या. उभं राहवत नाय. काल रात्रीपासून काय बोलायचं ते ठरवतोय, आणि आता समोर बेबीबायचा हार घातलेला फोटो बघून सगळं विसरलो.

मी धसईचा वामन. तुमच्या सापगावात बऱ्याच जणांनी मला आज पहिल्यांदा बघितलं असेल. बेबीबायची माझी ओळख आजारपणातली. दोघांच्याही किडन्या गेलेल्या, दोघांच्याही पोटाला नळी. घरच्या घरी पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं. दिवसातून चार वेळा. काढलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. नाय आली, तर पोटात जंतू. मग ती पिशवी घेऊन तडक हॉस्पिटल गाठायचं. आमाला शिकवलं होतं हे. मला पण शिकवलं होतं.

भातलावणीच्या दिवसांत तिचा फोन आला. "दादा, आज पानी गढूळ आलाय. लावनीला मानसं बोलवलीत. घर टाकून कशी जाऊ?"

मी काय सांगायला हवं होतं? तुमी सांगा, मंडळी. आणि मी शहाणा काय बोललो? "घाबरू नको गो. मला पण झालेलं. सहा गोळ्या उरल्यात, पाठवतो. डॉक्टरला मात्र बोलू नको, ओरडतात."

शहापूरला भाजी नेणाऱ्या टेम्पोतून पाठवल्या. तिनं घेतल्या. ताप उतरला, बाई शेतात पण गेली. मला फोनवर बोलली, "दादा, तू डॉक्टरच झालास." मी हसलो, मंडळी. हसलो मी.

चार दिवसांनी पोट धरून ठाण्याला न्यावी लागली. पोटातलं पाणी तपासायला ठेवलं, पण त्यात जंतू उगवेना. माझ्या गोळ्यांनी तो मेला नव्हता, नुसता लपला होता. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही औषध घेतलं?" ती बोलली, "नाय." मी शिकवलेलं. शेवटी सापडला, तो चिखलमातीतला, माणसाच्या पोटात क्वचित दिसणारा. माझा जंतू वेगळा होता, तिचा वेगळा. लवकर कळला असता तर त्यावर औषध होतं, बाई वाचली असती.

रामभाऊ, तुमच्या बायकोचं हे तुमाला आज कळतंय. घरी येऊन सांगायची माझी छाती झाली नाय. काय बोलायचं ते बोला मला. पण नंतर बोला.

आज सकाळी माझी पिशवी कागदावर ठेवली. अक्षरं दिसेनात. चष्मा पुसला. परत ठेवली. नाय दिसली. मंडळी, मला भीती वाटते. गोळ्यांच्या डब्याकडं हात गेला होता. घेतली नाय. गढूळ पिशवी बरोबर आणलीय, ही खुर्चीखाली. ठाण्याला जाताना वाटेत थांबलो, कारण हे न सांगता गेलो आणि परत आलोच नाय तर?

आता उभे राहा. लोक श्रद्धांजलीला एक मिनिट मागतात, मी अर्धंच मागतो. बेबीबाय, तुला हात जोडतो.

आणि रामभाऊ, मला तोंड नाय, तरी मागतो. तुमची गाडी काढा. मला ठाण्याला पोचवा.