हिरवं लुगडं

दापोडीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते.

“आठ दिस भाड्याची मोटार आपलीच, सुभद्रे. आपण म्हणू तिथं थांबणार. आधी वाईकडची खेडी...”

“खेडी कशाला? आपण कुठं ऱ्हातो?”

“बरं, मग रत्नागिरीचा समुद्र, पन्हाळा, कोल्हापूर. झोपाया गादी, उठल्यावर आयता चहा.”

“जल्मात एकदा समुद्र बघायचाय मला. पर म्हशीची धार कोण काढंल?”

“माझा भाऊ हाय की, रंगराव.”

“भावजींस्नी लाथ घालती ती. माझ्याबिगर कुणाला हात लावू देती का?”

“तुझं हिरवं लुगडं नेसून बसंल त्यो.”

“तिला वास कळतो. भावजी विडी वढत्यात.”

“मग ऱ्हायला तुझा समुद्र! मी आन् रंगराव जाऊन येतो.”

“मी बाळंतपणाला माहेरी गेले, तवा दोन महिने धार कुणी काढली वो?”

“हळू बोल, मागं लोक हायती.”

“डोईवर पदर घेऊन कोण बसत हुतं?”

“सुभद्रे!”

“मोटार सोमवारी येणार न्हवं? मी जाऊबाईला घेऊन जाते. लुगडं खुंटीवर हाय.”

बस आली. चढता चढता तो तिच्याकडे वळला.

“जायच्या आधी कासोटा तरी नीट शिकव. मागल्या बारीला गोठ्यातच सुटला हुता.”