विचार करतो म्हणाले

शिन-ओसाकाच्या फलाटावर रांगेत माझ्या पुढे दोघं मराठीत बोलत होती. त्यांच्या कोटावर आपल्याकडच्या एका राष्ट्रीय उद्योग मंडळाचा बिल्ला होता.

"विभा, स्वतःची कंपनी सोडून दुभाषी म्हणून आलीस, बरं झालं. मीटिंगच्या शेवटी ते जपानी साहेब काय म्हणाले?"

"केन्तो शिमासु. म्हणजे विचार करतो."

"चला, काम झालं."

"सर, इथे विचार करतो म्हणजे नाही."

"तसं तोंडावर कुठे म्हणाले?"

"तोंडावर इथे कोणीच म्हणत नाही."

"अगं, मी सगळ्या कंपन्यांच्या वतीने आलोय. दिल्लीला नकार कसा कळवू? चर्चा सकारात्मक झाली, असं लिहितो."

"लिहा. पण आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांचं काय? आम्हाला इथलं काम थेट मिळत नाही, मधल्या कंपनीकडूनच घ्यावं लागतं. आज तुम्ही तो विषय काढणार होतात."

"मोठ्या मेंबरांचेच विषय संपेनात गं."

"आम्हीही मेंबरच आहोत. पुढच्या वेळी काढाल?"

"बघू."

"हे 'बघू' जपानीतलंच ना, सर?"